सरू रडायची थांबली

उंद्रीच्या घरी गेलं की नीळकंठला मूलबाळ नसायचं. म्हणजे लेक होती, तीन वर्षांची, समोरच अंगणात धूळ उडवत फिरत असायची. पण ओट्यावर किसनराव बसलेले असले, की नीळकंठ तिच्याकडे शेजाऱ्याचं वासरू सुटून आल्यासारखं बघायचा. बापाच्या देखत आपलं लेकरू उचलायचं नाही. त्याला नाव घेऊन हाक मारायची नाही. ते रडलं तर जागचं उठायचं नाही. ही त्या घरची रीत. किसनरावांनी ती आपल्या बापासमोर पाळली होती. थोरल्या शेषरावावर पाळायची वेळच आली नाही, कारण त्याला मूल नव्हतं. नीळकंठ तर एम.ए. झालेला. तो जास्तच पाळायचा, शिकून पोरगं वाया गेलं असं कोणी म्हणू नये म्हणून.

आता तीन वर्षांच्या पोरीला ही रीत कोण समजावणार? बुलढाण्याच्या भाड्याच्या दोन खोल्यांत हाच बाप तिला खांद्यावर घेऊन आठवडी बाजार हिंडायचा, आपल्या रुमालानं तिचं नाक पुसायचा. नावही त्यानंच हौसेनं शोधलेलं, शरयू. उंद्रीत ते कोणाच्या तोंडात बसलं नाही, तिची सरू झाली. उंद्रीला पोचल्या दिवशी सरू "बाबा" करत धावत जायची आणि त्याच्या पायाला मिठी घालायची. तो पाय सोडवून घ्यायचा. हळूच, पण सोडवून घ्यायचा. आशा हे स्वयंपाकघराच्या दारातून पाहायची. दिवस मावळेपर्यंत सरूला कळायचं की इथला बाप वेगळा आहे, आणि मग ती आईच्या पदराला धरून असायची. पाण्याला गेली तर पाण्याला, गोठ्यात गेली तर गोठ्यात.

त्या वर्षी आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, किसनरावांनी जेवण झाल्यावर चूळ भरली, पंच्यानं तोंड पुसलं आणि ओट्यावरूनच बोलले.

"नीळकंठ, तुही पोरगी इथंच राहू दे. गोजरच्या मांडीवर."

गोजरबाई म्हणजे शेषरावाची बायको. लग्नाला बारा-तेरा वर्षं होऊन कूस कोरडी. मांडीवर दुसऱ्याचं लेकरू वाढवलं की वांझ बाईची कूस उजवते, असं सगळ्या मुलखात मानतात. नुसतं खेळवून भागत नाही. लेकरानं तिलाच आई म्हटलं पाहिजे, रडलं तर तिच्यासाठी रडलं पाहिजे, तेव्हा ते लागू पडतं. उपासतापास झाले होते, अकोल्याची डॉक्टरीण झाली होती. आता हे उरलं होतं.

"तुले काय, अजून होतीन," किसनराव म्हणाले. "पोरगीच तं हाय."

दाराआड आशाच्या हातातलं ताट हातातच राहिलं. तिला वाटलं, आता हे बोलतील. कारण नीळकंठ मनाचं शिकला होता. शेताचं नाही, कोर्टाचं नाही, मनाचं. आधी तिलाही ते विचित्र वाटलं होतं. नागपूरहून परीक्षा देऊन तो पहिल्यांदा गावात आला, तेव्हा पारावरच्यांनी घेरलं होतं.

"कायचं शिकला बे तू?"

"मानसशास्त्र."

"म्हंजे हात पाह्यतं काय?"

"नाही. मनाचा अभ्यास."

"मंग सांग पाहू, माह्या मनात काय हाय?"

"तुह्या मनात फुकटचा च्या हाय," दुसऱ्यानंच सांगून टाकलं, आणि सगळा पार हसला. नीळकंठही हसला. पण घरी येऊन जेवला नाही.

त्याच्यासोबत शिकलेले कुठं कुठं गेले होते. एक नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात लागला. एक लष्करात, भरतीला आलेल्या पोरांची बुद्धी आणि हिंमत जोखायच्या कामावर. एक मुंबईला, शाळा सुटलेल्या पोराला कोणता धंदा जमेल ते सांगणाऱ्या सरकारी कचेरीत. एकाला कापडगिरणीनं ठेवून घेतलं होतं, कामगार कशानं कंटाळतो ते शोधायला. नवीन राज्य होऊन सहा-सात वर्षं झाली होती, अशी माणसं हवी होती. नीळकंठलाही मुंबईचं बोलावणं होतं. किसनराव म्हणाले, मुंबईले कोण पाह्यते तुले. झालं. तो बुलढाण्याला राहिला, गुरुजी तयार करणाऱ्या विद्यालयात, लेकरांचं मन कसं घडतं ते शिकवत.

तो नीळकंठ आखजीच्या दुपारी बाजेच्या सुंभाकडे बघत बसला होता. एक दोरा सुटला होता, तो त्यानं बोटानं आत खोचला.

"बरं," तो म्हणाला.

निघताना सरू झोपेत होती. झोपेत असताना निघा, हे नीळकंठनंच सुचवलं. आशाचं एक जुनं लुगडं उशाशी घेतल्याशिवाय पोर झोपत नसे. ते तिच्या गालाखाली तसंच होतं. नीळकंठनं शेषरावाला बाजूला घेऊन काही सांगितलं. काय ते आशाला ऐकू आलं नाही.

चिखलीच्या गाडीत आशा पदर तोंडात धरून बसली. तेव्हा त्यानं तिला समजावलं. खरंच समजावलं, तावातावानं नाही. वर्गात समजावत असेल तसंच.

"रशियात एकानं कुत्र्यावर प्रयोग केला. खायला द्यायच्या आधी घंटी वाजवायचा. काही दिवसांनी नुसती घंटी वाजली तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी. मग त्यानं काय केलं, घंटी वाजवायची पण खायला द्यायचंच नाही. हळूहळू पाणी सुटायचं बंद झालं. सवय मोडली. मन मन म्हणतात ते एवढंच आहे, सवयींचं गाठोडं. अमेरिकेत तर हेच मानतात. मूल म्हणजे ओली माती."

"अन् सरू?"

"तू दिसली की ती रडंल. तू दिसलीच नाही, तर रडण्याची सवय आपोआप मोडंल. म्हणून दिवाळीपर्यंत आपण जायचं नाही."

आशानं गाडीबाहेर पाहिलं. कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेली, उन्हानं भेगाळलेली वावरं मागं पळत होती.

"म्हंजे मी घंटी," ती म्हणाली.

"उदाहरण आहे, आशा."

तिनं ते मानलं. हे मी लपवत नाही, कारण पुढं लोक तिलाच बोलले, हिला आई तरी कशी म्हणावी. सातवी झालेली संग्रामपूरकडची पोर ती. तिच्या माहेरात मनाचा विषय निघाला तर भगताला बोलवायचे. इथं नवरा पुस्तकं वाचून सांगत होता की तुझ्या लेकीला काही होणार नाही. डॉक्टरनं सुई टोचली तर आपण पोराचे हात धरून ठेवतोच ना? तिनं तसे स्वतःचे हात धरून ठेवले. तीन-साडेतीन महिने धरून ठेवले.

श्रावणात शेजारची सिंधू सराव पाठाची तयारी करायला लागली. सिंधू मेहकरकडची, विद्यालयातलीच विद्यार्थिनी, दोघी मैत्रिणींसोबत पलीकडच्या खोलीत राहायची. परीक्षक पुण्याचे येणार म्हणून ती पुणेरी बोलायचा सराव करत होती आणि त्यासाठी तिला कोणीतरी समोर बसलेलं लागायचं.

"आशावहिनी, तुम्ही वर्ग. मधे बोलायचं नाही."

आशा सुपात तुरीची डाळ निवडत बसली. सिंधूनं भिंतीवर फळा आहे असं धरलं.

"विद्यार्थ्यांनो, फार पूर्वी लोक म्हणायचे, मन म्हणजे आत्मा. तो विषय धर्मवाल्यांचा. मग जर्मनीत एका गृहस्थांनी प्रयोगशाळा काढली. माणसाला आवाज कधी ऐकू येतो, उजेड कधी जाणवतो, ते घड्याळ लावून मोजायला लागले. तिथून ह्या शास्त्राचा जन्म. पुढे व्हिएन्नाचे एक डॉक्टर म्हणाले, मोजून काय होते, बोलू द्या. ते रोग्याला कोचावर निजवायचे आणि त्याची स्वप्नं विचारायचे."

"बरा व्हायचा काय रोगी?"

"वर्गानं मधे बोलायचं नाही." मग सिंधू थोडी घुटमळली. "कधीकधी व्हायचा. त्यांच्यानंतर वर्तनवादी आले. ते म्हणाले, मन कोणी पाह्यलं हाय... पाहिलं आहे? जे दिसतं तेवढंच धरा."

"कुत्र्यावाले."

"तुम्हाले कसं ठाऊक?"

"सर घरातच राह्यते ना माह्या," आशा म्हणाली, आणि दोघी हसल्या. आखजीनंतर ती त्या दिवशी पहिल्यांदा मोकळी हसली असेल.

सिंधू पुढं बोलत गेली. वर्तनवाद्यांवर आता टीका होते, ती म्हणाली. अमेरिकेत माकडाच्या पिल्लांना दोन खोट्या आया करून दिल्या, एक तारेची, तिच्या छातीला दुधाची बाटली. दुसरी कापडाची, तिच्याजवळ काही नाही. पिल्लू दूध तारेच्या आईचं प्यायचं आणि दिवसभर बिलगून राहायचं कापडाच्या आईला. म्हणजे पोट भरणं वेगळं आणि आई वेगळी. आणि इंग्लंडात दवाखान्यात ठेवलेल्या लहान पोरांचा अभ्यास झाला. त्या काळी तिथं आईला पोराजवळ राहू देत नसत. दोन-तीन वर्षांचं मूल आईपासून तोडलं तर त्याच्या तीन अवस्था होतात.

आशाची बोटं डाळीत होती.

"पहिल्या अवस्थेत मूल रडतं, दारं धडकवतं, आईला शोधतं. दुसऱ्या अवस्थेत ते गप्प होतं. खात नाही, खेळत नाही, कोपरा धरतं. तिसऱ्या अवस्थेत ते पुन्हा हसायला लागतं. कोणाकडेही जातं, कोणाच्याही हातून खातं. लोक म्हणतात, रुळलं. पण आता आई आली तरी ते तिच्याकडे आई म्हणून पाहत नाही. आणि, विद्यार्थ्यांनो, ही तिसरी अवस्था ओळखणं सर्वांत कठीण, कारण ती सुखासारखी दिसते."

सिंधूनं दम घेतला. "कसं झालं?"

"हे पुस्तकात हाय?"

"आमच्या पुस्तकात नाही. सरांनी शिकवलं. काय शिकवलं, वहिनी, वर्गातल्या दोघी-तिघींच्या डोळ्याले पाणी आलं. सर सोताच मधी थांबले होते."

"कोणते सर?"

"आपले सर. नीळकंठ सर."

आशानं सूप खाली ठेवलं. सिंधूला काही कळलं नाही. सरांची मुलगी आजोबांकडे राहते, एवढंच तिला माहीत होतं.

"मंग पुढं?" आशानं विचारलं. "त्या लेकरांचं पुढं काय झालं? आल्या का त्याह्यच्या आया परत?"

"ते राह्यलं. तास संपला."

नीळकंठ विद्यालयातून आला, तेव्हा चूल पेटलेली नव्हती. आशा उंबऱ्यात बसली होती. त्यानं चपला काढल्या आणि तिच्या तोंडाकडे बघून तिथंच थांबला.

"तीन अवस्था," ती म्हणाली.

तो भिंतीला टेकला. कोणी सांगितलं, कुठून कळलं, असलं त्यानं काही विचारलं नाही.

"तुम्हाले ठाऊक होतं."

"ते इंग्लंडातलं आहे, आशा. तिथं मूल दवाखान्यात एकटं पडतं. आपल्याकडं घर असतं, काका, आजोबा. दहा हातात वाढतं आपलं मूल. तिथला निष्कर्ष इथं जसाच्या तसा..."

"मंग वर्गात काऊन शिकवता?"

त्यानं काढलेल्या चपला भिंतीशी नीट लावल्या.

"परीक्षेले येते म्हणून?"

"आशा."

"अन् थांबले काऊन होते मधी? सिंधू सांगे. सर मधीच थांबले म्हणे."

नीळकंठ खाली बसला. चांगला उंच माणूस, पण गुडघे छातीशी घेऊन बसला तेव्हा एवढासा झाला. तो म्हणाला, त्या दिवशी ओट्यावर मी आबांसमोर बोलायला गेलो होतो, घशापर्यंत आलं होतं. तो म्हणाला, माझ्याच लेकराचं मी कसं बोलणार, बाप काय म्हणेल. मग म्हणाला की कुत्र्याचा प्रयोगही खोटा नाही. हे शेवटचं त्यानं बोलायला नको होतं.

भित्र्याला शिकवलं तर तो शहाणा होत नाही, भिण्याला कारणं पुरवायला शिकतो. नीळकंठपाशी दोन्ही पुस्तकं होती. आबांच्या कामाचं कोणतं ते त्यानं त्या बाजेवर बसल्याबसल्या निवडलं, आणि दुसरं वर्गासाठी ठेवलं. तिथं रडायची सोय होती.

"पुढं काय होते?" आशानं विचारलं. "तास संपला म्हणे. मले पुढचं सांगा."

"लवकर आणलं तर मूल परत येतं. आधी आईवर रुसतं, मारतं, मग येतं."

"अन् उशीर झाला तं?"

"नक्की कोणालाच माहीत नाही."

सकाळच्या पहिल्या गाडीनं ती निघाली. तो म्हणाला, मी येतो. ती म्हणाली, कायले? तिथं गेल्यावर तुम्ही कोणाचे कोण असता?

चिखलीला गाडी बदलून उंद्रीला उतरली, तेव्हा ऊन पडलं होतं. गाडीत सगळी वाट ती एकच मागणं मागत होती, पोर रडो. मला बघून भोकाड पसरो, मला मारो, माझे केस ओढो, थुंको अंगावर. रुसली तर उशीर झालेला नाही, अजून माझी आहे.

अंगणात सरू भातुकली मांडून बसली होती. अंगानं भरली होती. केसांना तेल, दोन वेण्या, नवा परकर. तिनं वर पाहिलं. आशा फाटकातच उभी राहिली. सरू उठली, आत गेली आणि दोन्ही हातांनी तांब्या धरून, पाणी सांडत, बाहेर आली.

"पाणी घ्या," सरू म्हणाली. पाहुण्यांना असं म्हणायचं, हे तिला शिकवलं होतं. मग ती हसली. गोड हसली. पुन्हा जाऊन भातुकलीपाशी बसली.

गोजरबाई बाहेर आली. आशाला पाहून तिनं डोक्यावर पदर घेतला, जशी ती धाकटी आणि आशा थोरली.

"आत ये."

दोघी स्वयंपाकघरात बसल्या. गोजरबाईनं आपणहूनच सांगायला सुरुवात केली.

"लय रडली. घसा बसला तिचा. गाडीचा आवाज आला की फाटकाकडं धावे. मंग रडायची थांबली अन् त्या दाराशी बसून राहे, तिथं, जिथं तू निजवून गेली ना. भाकर तोंडात घालावं तं तशीच तोंडात राहे. म्या ह्याह्यले म्हटलं, भाऊजीले बोलवा. तं म्हणे, नीळकंठनं सांगूनच ठेवलं हाय. रडंल, रडू द्या म्हणे. आठवणीची वस्तू जवळ ठेवू नका म्हणे. तुहं लुगडं काढून घेतलं तिच्या हातातून. मीच घेतलं." गोजरबाईनं चुलीतली राख उगाच सारखी केली. "कणगीत दडवून ठेवलं होतं म्या. पुढं मले राह्यवलं नाही, एक दिवस गुपचूप दिलं काढून. म्हटलं हुंगंल, निजंल घेऊन."

"मंग?"

"तिनं त्या लुगड्यानं भातुकलीचे भांडे पुसले."

आशानं दारातून अंगणातल्या भातुकलीकडे पाहिलं.

"एक दिवस आपोआप हासाले लागली. मामाजीनं साखर वाटली आळीत. माह्या मांडीवर बसते, आई म्हणते मले. पण मी काय सांगू तुले. बसते ना, तं बसल्यावानी नाही बसत. लोक म्हणते, गोजर, आता तुही कूस उजवंल. लेकराचं असं करून कोणाची कूस उजवते व? घेऊन जाय तू तिले. मी काही म्हणत नाही. मामाजीले तू सांग."

किसनराव ओट्यावरच होते. आशा दारात आली. तिनं पदर कपाळापर्यंत ओढला, पण दाराआड गेली नाही.

"मामाजी, मी सरूले न्यायले आली."

त्या घरात सुनेचा आवाज ओट्यापर्यंत कधी गेला नव्हता. किसनरावांनी आधी इकडंतिकडं पाहिलं, बोललं कोण ते बघायला.

"नीळकंठ कुठी हाय?"

"ते नाही आले."

"मंग कोणाच्या हुकमानं आली?"

"तिच्या आईच्या."

ते हसले. वाईट माणूस नव्हते ते, हे सांगितलं पाहिजे. पोरीला त्यांनी चांदीच्या तोरड्या केल्या होत्या. दूध तिला पहिलं मिळायचं. त्यांना खरोखरच वाटत होतं की आपण एका लेकरातून दोन घरं उजळली.

"पोरगी रडते काय? सांग मले. उपाशी हाय? वाळली? तूच पाह्य. अवं, तुह्यापाशी होती तवा पदर सोडत नव्हती, भेदरट. आता पाह्य कशी वाघीण झाली. साऱ्या गावात फिरते." मग त्यांना काय सुचलं कोण जाणे, ते म्हणाले, "बरं, तुहंच खरं. बोलाव तिले. आली तं घेऊन जाय. मी आडवा येणार नाही."

आशानं हाक मारली. "सरू."

सरू लगेच उठली. हातातलं मातीचं बोळकं ठेवलं आणि सरळ आशाकडे आली, आशाच्या कमरेला हात घालून उभी राहिली. दारात गोजरबाईच्या तोंडून हुंदका निघाला. आशा खाली बसली, तिनं पोरीला पोटाशी घेतलं. वाटलं, नाही, उशीर नाही झाला.

"सरू," किसनरावांनी हाक मारली.

सरू तिच्या मिठीतून निघाली आणि आजोबांकडे गेली. तशीच, तेवढ्याच लगबगीनं. त्यांच्या मांडीला टेकली.

आळीतून कल्हईवाला चालला होता, भाता खांद्यावर टाकून. गंमत चाललीय असं वाटून त्यानंही फाटकातून हात केला. "ये व पोरी, येतं काय माह्या गावाले?"

सरू ओट्यावरून उतरली आणि त्याच्याकडे चालायला लागली. हसत. तिनं त्याचं काळं झालेलं बोट धरलं. कल्हईवाला हसायला गेला आणि थांबला, कारण पोरगी खरंच निघाली होती. मागं वळूनही न बघता ती त्याच्यासोबत फाटकाबाहेर चार पावलं गेली. त्यानंच तिला उचलून आणून उंबऱ्यावर ठेवलं आणि कोणाकडे न बघता पुढं गेला.

किसनरावांनी पानाचा डबा उघडला, बंद केला.

"घेऊन जाय," ते म्हणाले.

गोजरबाईनं तीन फ्रॉक, परकर आणि तोरड्यांचा डबा बांधून दिला. निघताना तिनं सरूचा मुका घेतला. सरूनं गाल पुढं केला, झाल्यावर दुसरा पुढं केला.

चिखलीच्या गाडीत गर्दी होती. एका म्हाताऱ्या बाईनं सरूला मांडीवर घेतलं आणि सरू तिच्या छातीवर डोकं ठेवून झोपून गेली. म्हातारी म्हणाली, गुणाची हाय व नात माही. चिखलीपासून बुलढाण्यापर्यंत आशानं दुसऱ्या गाडीत तिला आपल्या मांडीवर बसवलं, घट्ट धरलं. सरू बसली. बसल्यावानी नाही बसत, असं गोजरबाई का म्हणाली ते आशाला हातांनी कळलं. पोरीचं वजन तिच्यावर पडत नव्हतं.

नीळकंठ दारातच होता. विद्यालयात गेला नव्हता. त्यानं हात पुढं केले आणि सरू त्याच्याकडे गेली. त्यानं तिला उचललं, तिच्या खांद्यात तोंड खुपसलं. इथं ओट्यावर कोणी नव्हतं, म्हणून तो मोठ्यानं रडला. सरू त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. तिला उंद्रीत कोणी रडलं की असं करायचं शिकवलं असेल, किंवा तिचं तीच शिकली असेल. आशानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधू आली. सरांची मुलगी आली म्हणून ती बत्तासे घेऊन आली होती. पोरीनं बत्तासा घेतला, तिच्या मांडीवर चढून बसली.

"किती लवकर रुळली हो," सिंधू म्हणाली, आणि मग तिचा चेहरा एकदम पडला. तिनं आशाकडे पाहिलं. आशानं बादली उचलली.

"मी पाण्याले जाते," ती सरूला म्हणाली. "सरू, आई पाण्याले चालली. आई जाते हो."

"जा," सरू म्हणाली.

आशा बाहेर पडली, विहिरीकडे वळली नाही. दाराच्या भिंतीआड, बादली पायाशी ठेवून उभी राहिली. पूर्वी तिनं बादलीला हात लावला तरी आतून रडं सुरू व्हायचं. तिला ते नकोसं व्हायचं कधीकधी, चुलीवर सगळं अर्धवट असायचं. ती कान देऊन उभी राहिली. आत सिंधू काहीतरी गाणं म्हणत होती, बत्तासा फुटल्याचा आवाज आला, सरू हसली.

थोड्या वेळानं आशानं विहिरीवर जाऊन बादली भरून आणली. आत ओतली. पोर वर पाहून हसली. आशा पुन्हा बाहेर गेली, पुन्हा भिंतीआड उभी राहिली, पुन्हा भरून आणली. रांजण भरून वर पाणी सांडायला लागलं. नीळकंठ म्हणाला, आशा, बस. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. रिकामी बादली घेतली आणि म्हणाली,

"सरू, आई चालली हो पाण्याले."